गोव्यात गावातल्या जुन्या घरातलं रेस्टॉरंट: जायचं कसं, मागवायचं काय, बिल बघायचं कसं

कळंगुट-बागा करणारे काही कमी झालेले नाहीत, पण हल्ली गोव्याला निघालेला प्रत्येक दुसरा ग्रुप विचारतो की ते गावात जुन्या घरात वगैरे असतं ना, तिथं एकदा नीट जेवायचंय, कुठं आणि कसं जायचं. म्हणजे उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यातली गावं. आसगाव, शिवोली, मयडे, हळदोणे, साळगाव. पोर्तुगीज काळातली घरं, वर मंगळुरी कौलं, पुढं बसायचा बल्कांव म्हणजे ओटा, खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याच्या पातळ चकत्या, मागं फणस-आंब्याखाली टेबलं. आसगावात तर अशी इतकी झालीत की बुराटा चीज चटकन मिळेल पण कोथिंबिरीची जुडी शोधायला म्हापशाला जावं लागेल अशी गत आहे. नावं सांगत बसत नाही, दर सीझनला दोन उघडतात नि एक बंद पडतं, पण आसगावातलं गनपावडर बरीच वर्षं आहे आणि तिथलं जेवण गोव्याचं कमी आणि दक्षिणेचं जास्त, हे माहीत असून गेलात तर मजा येते, फिशकरी शोधत गेलात तर हिरमोड होईल. त्याच गावात विनायक नावाचं साधं फॅमिली रेस्टॉरंट आहे, तिथं थाळीसाठी लोक बाहेर रांग लावून थांबतात. दोन्ही एकाच गावात, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. हे जे खाली लिहितेय ते मात्र पहिल्या प्रकारच्या जागांसाठी, जिथं दोघांचं बिल तीन-चार हजारांपर्यंत सहज जातं आणि मग वाटतं की एवढे दिले तर जेवण लक्षात राहायला हवं.

तर माझं म्हणणं एकच, रात्री नको, दुपारी जा. सगळे रात्रीचं बुकिंग धरून बसतात कारण फोटोत दिवे छान दिसतात, पण त्या दिव्यांखाली ताटात काय आलंय ते दिसत नाही, मुडदुशीचे काटे काढायचे असतील तर मोबाइलचा टॉर्च लावावा लागतो. साडेआठला सगळी टेबलं एकदम भरतात आणि किचनवर ताण आला की पहिला बळी मासा, एक तर जास्त शिजतो नाहीतर गार येतो. शिवाय परतीचा रस्ता. या गावातले रस्ते म्हणजे दोन्ही बाजूला चिऱ्याचे गडगे, मधून जेमतेम एक गाडी, वळणावर समोरून कोणी आलं की एकाला मागं जावं लागणार, आणि हे सगळं अंधारात, पोटात दोन पेग असताना. दुपारी साडेबाराला पोचा. बल्कांवावरचं टेबल रिकामं असतं, सकाळी घेतलेली मासळी अजून सगळी शिल्लक असते, वेटरला तुमच्याशी दोन शब्द बोलायला वेळ असतो. एप्रिल-मे मधे मात्र उकाडा असा असतो की दुपारी झाडाखाली बसणं म्हणजे शिक्षा, तेव्हा आतली खोली आहे का, एसी आहे का ते आधी विचारा, नसेल तर संध्याकाळी सातला जा, पण सातलाच, साडेआठला नाही.

बुकिंगसाठी फोन करा. इन्स्टावर मेसेज टाकून वाट बघू नका, उत्तर येईपर्यंत तुमची ट्रिप संपलेली असेल. फोनवर चार गोष्टी विचारा: आठवड्याची सुट्टी कधी (बऱ्याच ठिकाणी सोमवार किंवा मंगळवार), दुपारची शेवटची ऑर्डर किती वाजता, टेबल आत की बाहेर, आणि लहान मुलं किंवा जिना न चढता येणारं कोणी असेल तर तेही सांगून टाका, कारण या जुन्या घरांना पुढं पाच-सहा उंच पायऱ्या हमखास असतात आणि कठडा असेलच असं नाही. शेवटच्या ऑर्डरचं हलक्यात घेऊ नका. तीन-साडेतीनला किचन बंद झालं की सात वाजेपर्यंत काही मिळत नाही, मुंबईतल्यासारखं अखंड चालू नसतं. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा, नाहीच जमलं तर रविवारी बारालाच जाऊन बसा.

पावसाळ्याचं वेगळं आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्यामुळे समुद्राचा मोठा मासा त्या दिवसात मेन्यूवर दिसला तर तो बर्फातला किंवा बाहेरून आलेला असण्याची शक्यता धरून चाला. तेव्हा खाडीतली, नदीतली मासळी, शिंपल्या, सुक्या सुंगटांचं म्हणजे कोळंबीचं किस्मूर (सुकी कोशिंबीर) असं मागवा. बऱ्याच जागा या महिन्यात डागडुजीसाठी बंदही असतात म्हणून फोन न करता निघूच नका. पण जी उघडी असतात तिथं जून-जुलैत जेवण्यासारखं सुख नाही, कौलांवर पाऊस वाजत असतो, आख्ख्या घरात तीन टेबलं लागलेली असतात. 24 जूनला सांजांवचा सण असतो, शिवोलीत तर नदीत सजवलेल्या होड्या निघतात, त्या दिवशी त्या बाजूला जेवायला जायचं असेल तर रस्ता मिळेल हे गृहीत धरू नका.

पोचायचं कसं? रेल्वेने येणाऱ्यांनी थिवीला उतरावं, मडगावला नाही, तिथून म्हापसा आणि ही सगळी गावं जवळ. विमानाने येत असाल तर मोपा सोयीचं, दाबोळी लांब पडतं. कोल्हापूर-सांगलीकडचे आपली गाडी घेऊनच येतात. ओला-उबर गोव्यात नाही. गोवामाइल्स नावाचं ॲप आहे, पण गावाच्या आतल्या भागात गाडी मिळेलच याची खात्री नाही, म्हणून टॅक्सी केली तर जाऊन-येऊन ठरवा, थांबायचे पैसे किती ते आधीच बोला, आणि ड्रायव्हर जेवलाय का ते विचारा, तो दीड-दोन तास तुमच्यासाठी थांबणार असतो. स्कूटर किंवा गाडी भाड्याने घ्याल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या, पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि पकडले गेलात तर तुमची दुपार पोलिसांबरोबर जाते. पार्किंग हा या गावांतला सगळ्यात मोठा भांडणाचा विषय. रेस्टॉरंटची स्वतःची जागा असेल तर तिथंच लावा, नसेल तर थोडं पुढं जाऊन रुंद जागा बघा, पण कुणाच्या फाटकासमोर, चॅपलसमोर, विहिरीजवळ लावू नका. पाच मिनिटांसाठी म्हणून लावलेली गाडी दोन तास तिथं राहते आणि आतल्या आजीला रिक्षा आत आणता येत नाही, त्या मग बाहेर येऊन जे बोलतात ते कोंकणी न कळणाऱ्यालाही कळतं.

कपड्यांचं टेन्शन घेऊ नका, ड्रेस कोड वगैरे नसतो. सुती काहीतरी घाला, आणि बागेत बसणार असाल तर पाय झाकलेले बरे, डास असतात. बीचवरून ओल्या कपड्यात थेट येणं एवढं फक्त करू नका, लाकडी वेताच्या खुर्च्या असतात.

आता मुख्य, ऑर्डर. आपल्याकडचे लोक मेन्यू उघडतात आणि सुरमई फ्राय, पापलेट फ्राय, कोळंबी करी एवढं बोलून मिटवून टाकतात. अहो ते घरी किंवा मालवणात खा ना. मेन्यू बाजूला ठेवा आणि आधी विचारा, आज ताजं काय आलंय. वेटर गोव्याचाच असेल तर "आज कितें ताजें आसा बाब?" असं विचारून बघा, चेहरा खुलतो, पण हल्ली बरीच मुलं आसाम, ओडिशा, नेपाळकडची असतात, तेव्हा सरळ हिंदीत विचारा, त्यात कमीपणा काही नाही. उत्तर आलं की "सब फ्रेश है" तर ते उत्तर नाही, पुन्हा विचारा, किचनमधे विचारून या म्हणा. चांगल्या जागी आतून कोणीतरी बाहेर येऊन सांगतं की आज चोणक आहे, तिसऱ्या आहेत, सुंगटां मध्यम आहेत. चोणक म्हणजे आपला अलिबागचा जिताडा, विसवण म्हणजे सुरमई, सुंगटां म्हणजे कोळंबी, तांबसो हा लाल मासा, मोरी तीच आपली मोरी, म्हणजे शार्क.

मेन्यूत काही पदार्थांपुढं किंमत नसते, तिथं एपीएस असं लिहिलेलं असतं, म्हणजे आकाराप्रमाणे. अख्खा मासा, खेकडे, लॉबस्टर यांना हे हमखास. इथंच लोक फसतात, बिल आल्यावर टेबलावर एकदम शांतता. सोपं आहे. मासा ट्रेमधे घालून टेबलावर आणायला सांगा, सगळे आणतात, लाजायचं काही कारण नाही. डोळा फुगीर आणि चमकदार हवा, खोल गेलेला, दुधाळ नको. कल्ला उचलून दाखवायला सांगा, आत लालभडक हवं, तपकिरी असेल तर नको म्हणा. बोटाने दाबलं की खड्डा राहता कामा नये. मग विचारा किलोचा भाव काय, याचं वजन किती, आणि वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, आणि एकूण आकडा किती होईल तो तोंडी ठरवून घ्या. सव्वा किलोचा मासा चौघांना भरपूर होतो, त्यावर अजून दोन मेन डिश मागवू नका. अर्धा रेशाद मसाल्यात आणि अर्धा नुसता मीठ-लिंबू-लसूण लावून ग्रिल करा असं सांगितलं तर बहुतेक ठिकाणी करून देतात.

मसाल्यांचं थोडं समजून घ्या म्हणजे सगळं एकाच चवीचं मागवलं जाणार नाही. रेशाद म्हणजे सुकी लाल मिरची, लसूण, व्हिनेगर, किंचित साखर, बांगड्याच्या पोटात भरून तळतात आणि माझ्या मते बांगडा रेशाद हा बहुतेक मेन्यूवरचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला मासा असतो, पण पाहुण्यांसमोर बांगडा मागवायला लोकांना का लाज वाटते कोण जाणे. काफ्रेअल हिरवं, कोथिंबीर-मिरचीचं, बहुतेक चिकनचं, आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींमधून आलेलं. आंबट-तिखट नावाप्रमाणेच, त्यात नारळ नसतो, मोरीचं सगळ्यात छान. शाकुती भाजलेल्या खोबऱ्याची, खसखशीची, मालवणी माणसाला ओळखीची वाटेल. बलशांव लोणच्यासारखं झणझणीत, ते थोडंच घ्या, पोईला, म्हणजे गोव्याच्या पोकळ पावाला, लावून खायला. कालदीन पिवळसर, नारळाच्या दुधातलं, सौम्य, लहान मुलांसाठी हेच मागवा आणि त्यांना चिकन नगेट्सपासून वाचवा. विंदालूत बटाटा सापडला तर समजून जा की ते अस्सल नाही. चौघं असाल तर एक तळलेलं, एक आंबट, एक नारळाचं, एक मांसाचं असं मधे ठेवून वाटून खा, प्रत्येकाने आपली वेगळी डिश घेतली की टेबलावर चार नारळाच्या करी येतात आणि सगळे सुस्त.

बरोबर पोई मागवा, नान नको. पोई गरम असताना मधून फाडली की वाफ येते आणि आत रिकामी असते, वरून गव्हाच्या कोंड्याची भुकटी बोटांना लागते, त्या पोकळीत रेशादचा मसाला नि बांगड्याचा तुकडा भरून खायचा, काटा-चमच्याच्या नादी लागू नका. पोई पोदेराकडून म्हणजे पाववाल्याकडून सकाळ-संध्याकाळ येते, सायकलवर हॉर्न वाजवत जातो तोच, त्यामुळे दुपारी तीनच्या पोईत दम नसतो हे आणखी एक कारण लवकर जायचं. भातात उकडा तांदूळ असेल तर तोच घ्या, कडी त्याच्यावरच शोभते.

मांसाबद्दल एक स्पष्टच सांगते. गोव्यात पोर्क आणि बीफ मेन्यूवर उघड असतं, पण काही पदार्थांच्या नावात ते दिसत नाही. क्रोकेट्स बहुतेक वेळा बीफचे असतात, नुसतं चिली फ्राय, कटलेट, रोस्ट टंग लिहिलं असेल तर कशाचं ते विचारा. चोरीस आणि सोरपोतेल पोर्कचं, सोरपोतेलमधे काळीजही असतं आणि ते काल-परवा केलेलं असेल तर जास्त मुरलेलं, त्यामुळे "आजचं ताजं आहे ना" हा प्रश्न फक्त माशासाठी ठेवा. खायचं नसेल तर ऑर्डर देतानाच शांतपणे सांगा, खाऊन झाल्यावर आरडाओरडा करून उपयोग नसतो.

बरोबर शाकाहारी कोणी असेल तर त्यांना पनीर टिक्क्यावर सोडू नका बिचाऱ्यांना. खतखतें, अळसांद्यांचं तोणाक, मुगागाठी, श्रावणात फणसाच्या आठळ्यांची भाजी, हे सगळं गोव्यातल्या हिंदू घरांत रोजचं आहे. महागड्या मेन्यूवर एखादंच असतं, पण बुकिंगच्या फोनवर आदल्या दिवशी सांगितलं तर बरेच जण करून देतात. करीच्या बेसमधे सुकी सुंगटां किंवा फिश स्टॉक नाही ना, तळायचं तेल वेगळं आहे का, हे कडक शाकाहाऱ्यांनी विचारून घ्यावं.

प्यायचं म्हणाल तर मार्च ते मे मधे उर्राक मिळतं का बघा, काजूच्या बोंडांच्या रसाची पहिली धार, लिंबूसोडा, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून. हलकं लागतं आणि तिथंच घात होतो, उन्हात तिसरा ग्लास उतरतो कधी ते कळत नाही. फेणी वर्षभर असते, उर्राकच्या जवळपास तिप्पट स्ट्राँग, 2009 पासून तिला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. वास पहिल्यांदा झेपत नाही, म्हणून नुसती न घेता कोकमाबरोबर मागवून बघा. कॉकटेलच्या यादीत फेणी असेल तर वोडकावाल्यापेक्षा तेच घ्या, इथपर्यंत आलाच आहात तर. गोव्यात दारूचं वय 21 आहे, आणि चालवणाऱ्याने सोलकढीच प्यावी, पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, तुरुंग किंवा दोन्ही.

गोडात बेबिंका, थर मोजून घ्या, सात असले तर व्यवस्थित आहे. अंड्याचे बलक, नारळाचं दूध, तूप, एक थर भाजल्याशिवाय दुसरा ओतायचा नाही, त्यामुळे चांगली बेबिंका स्वस्त नसते आणि ती आइस्क्रीमखाली गाडून आणली की कळतं विकतची आहे. अंडं चालत नसेल तर दोदोल, तांदळाचं पीठ नि काळ्या गुळाचं. एप्रिल-मे मधे मानकुराद आंबा असेल तर बाकी सगळं सोडा.

फोटो काढा, पण आपल्या टेबलाचे, रेस्टॉरंटच्या आवारात. शेजारचं निळं-पिवळं घर कुणीतरी राहतं त्यातलं आहे, त्याच्या पायरीवर बसून पोज द्यायची नाही. पणजीत फोंतान्यासमधे याच कारणावरून लोकांनी पाट्या लावल्यात. मोठ्या ग्रुपने रात्री जाणार असाल तर दहा वाजल्यानंतर बाहेर मोठ्याने गाणी चालत नाहीत, तो कायदाच आहे, वेटरशी त्यावरून हुज्जत घालू नका.

बिल आलं की घाईत कार्ड देऊ नका. जेवणावर जीएसटी 5 टक्के, अडीच-अडीच असा दोन ओळीत दाखवलेला असतो, म्हणजे 2400 रुपयांच्या जेवणावर 120. मोठ्या महागड्या हॉटेलच्या आवारातलं रेस्टॉरंट असेल तर 18 टक्के असू शकतो. दारूवर जीएसटी लागत नाही, राज्याचा व्हॅट वेगळा, त्यामुळे काही ठिकाणी दोन बिलं येतात, त्यात गोंधळ नाही. सर्व्हिस चार्ज मात्र सक्तीचा नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मधे तसं स्पष्ट केलं आणि दिल्ली हायकोर्टाने 2025 मधे ते उचलून धरलं, तरी बिलात तो 10 टक्के आपोआप आलेला दिसतो. सर्व्हिस आवडली असेल तर ठेवा, नसेल तर काढायला सांगा, आवाज न चढवता, काढून देतात. काढायला लावलात तर ज्याने मासा दाखवायला दोन खेपा घातल्या त्याच्या हातात रोख काहीतरी द्या, कार्डवरची टिप त्याच्यापर्यंत कधी आणि किती पोचते ते तुम्हाला कळायचा मार्ग नाही. एपीएसवाल्या माशाचा आकडा तोंडी ठरला होता तोच आहे का एवढं बघा. आणि अर्धा चोणक उरला असेल तर बिनधास्त पार्सल मागा, खाऊन संपवा मात्र संध्याकाळपर्यंत, उन्हात गाडीत ठेवलेला मासा रात्री खायचा नाही.